सहीच्या वरची कोरी जागा

४ मार्च १५६८, तुन्हा

नवऱ्याचा, मेल्चोरचा, उजवा हात गेला. काल जेवताना आधी चमचा पडला, मग हा. तोंड वाकडं, वाचा बंद. तीन वर्षांपूर्वी कॅप्टन बार्रिएन्तोसच्या मतावर नगरसभेच्या नोटरीची खुर्ची मिळाली, तेव्हापासून हाच हात मिरवत होता. आता मक्याची पेज मी भरवते. निम्मी हनुवटीवरून गळते.

९ मार्च

कॅप्टन आजाऱ्याला बघायला आला आणि बघत बसला नातीकडे.

"मेन्सिया मोठी झाली हो. आई माझ्या जहागिरीतली आदिवासी, म्हणजे पोरगीही माझीच. मागावर बसवतो, जन्माची सोय."

"तिचा बाप माझा मुलगा आल्वारो होता," मी म्हटलं.

"कागद दाखवा की मग."

त्याच्या मागावरच्या बायका पाहिल्यात मी. तिशीत डोळे जातात. शुक्रवारी सुनावणी.

१० मार्च

आल्वारो सोनं शोधायला खालच्या मैदानी मुलखात निघाला, त्या सकाळी बापाकडे गेला होता — ही माझी मुलगी, असं लिहून द्यायला. मेल्चोरची रीत गावाला ठाऊक. कोऱ्या कागदाच्या तळाशी सही घ्यायची, शेजारी आपलं नोटरीचं चिन्ह काढायचं, मजकूर सवडीनं. सगळं गाव अशा सह्या करून जेवायला घरी जातं. मीही केल्यात दोन-तीन, पिठाच्या हातांनी.

आल्वारो मेला तिकडेच. "लिहिलंस का रे ते?" विचारलं मेल्चोरला. भिंतीकडे बघतो.

११ मार्च

तो कागद पेटीच्या तळाशी सापडला. आल्वारोची सही, मेल्चोरचं चिन्ह. वर कोरा.

दुपारभर बसून मी लिहिला, मेल्चोरच्या जुन्या कागदांवरून वळणं गिरवत. मेन्सिया डोकावली. तिला अक्षरं आजोबानंच शिकवली, मांडीवर घेऊन.

"आजी, ही ओळ वर चढलीय."

"चढू दे. त्याच्याही चढायच्या, जेवण झाल्यावर."

१२ मार्च

न्यायाधीशानं माझा कागद वाचला आणि मानला. मेन्सिया आल्वारोची, जहागिरीशी तिचा संबंध नाही. पोरीनं माझा हात घट्ट धरला.

कॅप्टननं डगल्यातून दुसरा कागद काढला. "हरकत नाही. मग हा घ्या."

तीन वर्षांपूर्वीचा, मेल्चोरला खुर्ची मिळाली त्याच महिन्यातला. मेन्सिया पंधराची झाली की बारा वर्षं कॅप्टनच्या घरी कामाला, आजीच्या संमतीनं. मजकूर मेल्चोरच्या हातचा. खाली माझी सही, तिच्यावर पिठाचं बोट.

"सही केली तेव्हा हा कोरा होता," मी म्हटलं.

कॅप्टन हसला. "अस्सं? तुमचा नवरा कोऱ्यावर सह्या घेतो? मग मघाचा कागदही पुन्हा बघू या, साहेब."

माझा कागद टिकला नाही तर पोरगी जन्मभराची गेली. न्यायाधीश थांबला होता. "बाई, नीट सांगा. सही तुमची? मजकूर ऐकून केलेली?"

"माझी. ऐकून."

मेन्सियानं हात सोडला. कॅप्टननं तिला तिथूनच नेली. मागे वळूनही बघितलं नाही तिनं. ती पंधराची गेल्या महिन्यातच झाली.

१३ मार्च

पेज केली. मेल्चोरनं तोंड उघडलं. त्याच्यासमोर बसून मी सगळं वाडगं खाल्लं.