बंद करण्यापूर्वी एकदा एंटर दाबू देण्याबाबत

प्रति,
मा. संगणक व भांडार अधिकारी,
मुख्य कार्यालय, तळमजला.

विषय: दिवंगत सहकाऱ्याच्या लिनक्स लॅपटॉपवर, तो जमा करण्यापूर्वी, एकदा काम करण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: आपले स्मरणपत्र, "वस्तू तात्काळ व बंद अवस्थेत जमा करावी."

महोदय,

१. सादर करते की, सदर लॅपटॉप माझ्या शेजारच्या टेबलावर अद्याप चालू आहे. तो वापरणाऱ्या सहकाऱ्यांना सारा विभाग 'काळी पाटी' म्हणे, कारण त्यांच्या स्क्रीनवर काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांखेरीज काही दिसत नसे. "चहा घेऊन आलोच," म्हणून ते उठले आणि जिन्यात कोसळले. पुढचे आपल्या नोंदीत आहेच.

२. हे यंत्र एकदा बंद केले की पुन्हा उघडणार नाही. डिस्कला कुलूप आहे आणि त्याचा पासवर्ड त्यांच्यासोबत गेला. कार्यालयाचे यात नुकसान नाही. सर्व फायलींची प्रत नेटवर्कवरून काढून मी आपल्याकडे दिली आहे. म्हणजे अडले आहे ते कार्यालयाचे नव्हे, माझे, हे आधीच कबूल करते.

३. विभागात विंडोज सोडून लिनक्स ही प्रणाली वापरणारे ते एकटेच. आमची यंत्रे ऐन बैठकीत अपडेटच्या नावाखाली परस्पर बंद पडत, तेव्हा ते खुर्चीत रेलून म्हणत, "माझं यंत्र मला विचारल्याशिवाय झोपत नाही." स्क्रीन आपोआप बंद होऊ देत नाहीत म्हणून आपण त्यांना लेखी समजही दिली होती. ती त्यांनी मनावर घेतली नाही. त्यामुळेच ते यंत्र अजून जागे आहे.

४. प्रोग्राममध्ये बदल केला की काय बदलले ते एका ओळीत लिहून तो साठवायचा आणि मी तपासायचा, अशी आमची पद्धत. ते ओळ कधी पुरी करत नसत. मी "अपूर्ण. परत." असा शेरा मारी आणि ते सगळ्यांदेखत मला 'हेडबाई' म्हणत. या वेळची ओळ अशी आहे: "रजेच्या हिशोबातली चूक काढली, पण अजून". पुढे कर्सर लुकलुकतो आहे. ही ओळ साठवलेली नसल्याने काढलेल्या प्रतीत ती नाही.

५. अजून काय, हे शोधण्यासाठी मी तो हिशोब पुन्हा पुन्हा तपासला. अर्धी रजा, बिनपगारी रजा, रुजू होताच आजारी पडणाऱ्यांची रजा, सगळे बरोबर येते. इतके चोख काम त्यांनी आधीच केले असते तर आमची निम्मी भांडणे वाचली असती. दरम्यान, लॅपटॉपची बॅटरी जेमतेम मिनिटभर टिकत असल्याने चार्जरवर मी 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. सफाईच्या मावशी तेवढ्याला वळसा घालून झाडतात आणि विचारतात, "दादांचं चालू आहे ना?" आपले भांडारपाल म्हणाले, "मॅडम, फोटो काढून ठेवा की." काढला. फोटोत कर्सर लुकलुकत नाही. दुरुस्तीसाठी मजल्याची वीज बंद होणार होती, तेव्हा मी घरचा यूपीएस आणून जोडला. तो कृपया कार्यालयाच्या मालमत्तेत चढवू नये.

६. काल त्यांच्या पत्नी त्यांचा मग आणि चष्म्याचे घर न्यायला आल्या. स्क्रीनवरची ओळ त्यांनी वाचली. मग म्हणाल्या, "घरीही असंच. वाक्य अर्धं टाकून उठायचे. पुढे काय म्हणून विचारलं, तर म्हणायचे, तुला कळलंच की."

७. सबब विनंती की, दुसऱ्याच्या खात्यावर काम करू नये या नियमातून मला एकदाच सूट मिळावी. नियमाचा मसुदा माझाच आहे, त्यामुळे त्याची जाणीव आहे. मी त्या ओळीत एकही अक्षर घालणार नाही, पूर्णविरामसुद्धा नाही. आहे तशी ठेवून एंटर दाबेन. बदल त्यांच्याच नावावर जमा होईल. नंतर माझ्या खुर्चीत, माझ्या खात्यावरून, त्याखाली शेरा देईन: "तपासले. पूर्ण."

त्यानंतर लॅपटॉप बंद करून मी स्वतः खाली आणून देईन.

विचारूनच नियम मोडणारी,
आपली नम्र,
(सही)
वरिष्ठ प्रोग्रामर, तपासणी

सोबत:
१. फायलींच्या प्रतीची पोच
२. स्क्रीनचा फोटो
३. चार्जर (सर्वात शेवटी जमा करण्यात येईल)