माझ्या तिरडीचे चार खांदे

मी, विनीत गोविंद कळंबटे, वय २९, व्यवसाय राजकीय भाष्य व प्रसिद्धी सल्ला, राहणार कळंबटेवाडी, आंबेकोंड, तालुका रत्नागिरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, डाव्या हाताने लिहीत आहे. उजव्या हाताची तीन बोटे नाहीत, म्हणून अक्षर तिरके आहे. अक्षरावरून मन ठिकाणावर नव्हते असे कोणी म्हणू नये, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. एवढ्या वयात मृत्युपत्र का, असे आई विचारते. माझ्यावर दोनदा हल्ला झाला. पहिल्यांदा सड्यावरच्या रस्त्यात दुचाकी आडवी घालून सळईने मारले, बरगड्या मोडल्या. दुसऱ्यांदा माझ्याच पडवीत कोयतीने. मारणारा सोबत्याला ओरडून सांगत होता, "तोंड धर रं त्याचा, तोंडानंच लय बोलतो." मी तोंडावर हात धरला, त्यात बोटे गेली. आईने मुसळ उचलून त्याच्या गुडघ्यावर घातले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यामुळे आज लिहितो आहे. तिसऱ्या वेळी आई जवळ असेलच असे नाही.

२. घरातील व जमिनीतील माझा हिस्सा आई तुळसा हिला आणि तिच्या पश्चात बहीण मनस्वी हिला मिळावा. यास कोणतीही अट नाही. पडवीतले रक्त घासूनही निघाले नाही, म्हणून आईने त्यावर भाताची कणगी ठेवली आहे. ती हलवू नये.

३. कॅमेरा, माइक, संगणक आणि माझी 'घरचा उंबरा' ही वाहिनी मित्र राकेश तांबे यास द्यावी. वाहिनीवर मी सहा वर्षे एकत्र कुटुंब, देवस्थानचे मान, वडीलधाऱ्यांचा शब्द, परक्यांना जमीन न विकणे, या बाजूने बोललो. राकेश बौद्धवाडीतला. चित्रीकरण त्याचे, पण माझे बोलणे त्याला एकदाही पटले नाही. मध्येच कॅमेरा थांबवून म्हणायचा, "विनीत, तू काल जन्मलास की शंभर वर्षांपूर्वी?" मी म्हणायचो, "तू धर कॅमेरा." वाहिनी त्यालाच देण्याचे कारण असे की जो कधी माझ्या बाजूचा नव्हता, तो माझे तोंड दुसऱ्या कोणाच्या बाजूला वापरू देणार नाही.

४. माझी हत्या झाल्यास कारण शोधत बसू नये, ते येथे देतो. मी दहावी नापास. फ्लेक्सच्या दुकानात कामाला असताना अजिंक्यदादांच्या फलकावरील चुका न विचारता दुरुस्त केल्या. ते आमच्या भागातले पुढारी. त्यांनी मला बोलावून घेतले. भाषण किती लांबवावे, कोणत्या प्रश्नाला हसून गप्प बसावे, अपघाताच्या जागी गॉगल घालून जाऊ नये, हे मी त्यांना शिकवले. ते मला 'मास्तर' म्हणत, आणि म्हटल्यावर सगळे हसत.

रितेश गोताड हा त्यांचा तरुण कार्यकर्ता. हातखंब्याजवळच्या एका धाब्यावर गाडी मागे घेण्यावरून त्याचे आपल्याच सोबत्याशी वाजले. सोबत्याने गाडीचा जॅक त्याच्या डोक्यात घातला आणि तो खाली पडल्यावरही घालत राहिला. सगळ्या धाब्याने पाहिले. मी दादांना दोन ओळी लिहून दिल्या की भांडण खाजगी होते, आम्ही घरच्यांच्या दुःखात आहोत. प्रेत थेट घरी न्यावे असेही सांगितले. दादा म्हणाले, "मास्तर, असा मुडदा काय रोज मिळतो?"

प्रेत उघड्या टेम्पोवर ठेवून बाजारातून बंदराकडे नेले. विरोधकांनी मारला, असे भोंग्यावरून सांगितले. बंदरावर दगड सुरू झाले. विरोधकांच्या होड्यांवरची जाळी पेटवली. नायलॉन पेटले की वितळून गळते. ते एका हमालाच्या पाठीवर गळले आणि कातडीसकट सोलून काढावे लागले. एका खलाशाचा डोळा गेला. तोवर टेम्पो उन्हात उभा होता. रितेशचे वडील रामा टेम्पोचे फळकूट धरून ओरडत होते, "माजा पोर खाली द्या! आवस वाट बगते त्याची!" कार्यकर्त्यांनी त्यांच्या बोटांवर काठ्या मारून हात सोडवले. रितेश घरी पोहोचला तेव्हा जबडा आवळला होता. आईला त्याच्या तोंडात पाणी घालता आले नाही.

मेलेला माणूस आधी घरचा, मग गावचा. परंपरा म्हणून मला पहिली हीच गोष्ट शिकवली गेली. तेच मी दुसऱ्या दिवशी वाहिनीवर बोललो, खरे मारणाऱ्याचे नाव घेतले आणि पोलिसांत जबाब दिला. माझी मते बदललेली नाहीत. दादांची कधी होती का, हे मला माहीत नाही.

५. दुसऱ्या हल्ल्यानंतर दादा इस्पितळात फुले घेऊन आले. कानाशी वाकून म्हणाले, "मास्तर, जबाब मागं घे. जिता आमचा नसलास तरी मेल्यावर आमचाच. फ्लेक्स तयार हाय." मग सरळ होऊन आईच्या पाया पडले. फोटो निघाला.

जबाब मी मागे घेतलेला नाही. फ्लेक्सवर काय असेल ते मला पाठ आहे, कारण तो नमुना मीच बसवलेला आहे. म्हणून लिहून ठेवतो की माझ्या प्रेतावर कोणत्याही पक्षाचा झेंडा घालू नये. मला हुतात्मा म्हणू नये. माझ्या नावाने कोणाच्या दुकानावर, होडीवर, अंगावर हात टाकू नये. इस्पितळातून प्रेत फक्त आईच्या ताब्यात द्यावे आणि सरळ वाडीत आणावे.

६. अडचण खांद्यांची आहे. कार्यकर्ते पन्नास येतील. वाडीतून कोणी येईल याची खात्री नाही. मी लहान असताना हद्दीच्या दगडी गडग्यावरून भांडण झाले आणि चुलत्यांनी वडिलांच्या जबड्यावर पहार मारली. दात मी अंगणातून वेचले. वडील गावकीकडे न जाता पोलिसांत गेले, म्हणून गावाने आमचे घर वाळीत टाकले. वडील वारले तेव्हा मी मडके धरून पुढे होतो आणि मागे तीनच माणसे होती. चौथा खांदा मुक्कामी एसटीच्या ड्रायव्हरने दिला. त्याचे नाव आम्हाला आजही माहीत नाही.

खांदे रिकामे राहिले तर दादांची माणसे ते भरतील, आणि एकदा तिरडी त्यांच्या खांद्यावर गेली की ती कोठे जाईल हे मी पाहिले आहे. म्हणून चार नावे देतो: मामा केरू, राकेश तांबे, रितेशचे वडील रामा आणि त्याच चुलत्यांचा मुलगा बाबू. मडके मनस्वीने धरावे. हे रूढीला सोडून आहे, मुलींनी मडके धरण्याविरुद्ध मी स्वतः वाहिनीवर बोललेलो आहे. तरीही तिनेच धरावे.

७. गडग्यालगतची वादाची पट्टी, फणसासह, बाबू याने खांदा दिल्यास त्यास कायमची द्यावी. न दिल्यास ती आईकडे राहावी. (हे कलम खोडले आहे. खुलासा खाली.)

८. मृत्युपत्राची व्यवस्था राकेशने पाहावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

खाडाखोडीचा खुलासा: साक्षीला रामा गोताड आणि शाळेचे गुरुजी येणार होते. गुरुजी आले, पण पाणंदीच्या तोंडाशी दादांची गाडी उभी दिसली तेव्हा चष्मा घरी राहिल्याचे सांगून परत गेले. बाबूला मी फक्त कलम ऐकायला बोलावले होते. तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या अंगणात आला आणि उभ्यानेच सगळे ऐकून म्हणाला, "सही कुठं करायची?"

मी सांगितले, "तुला करता यायची नाही. तुला पट्टी दिली आहे, आणि ज्याला लाभ त्याने साक्षीला राहू नये असे वकील म्हणाले."

"मंग ती काड."

"बाबूदादा, फणस आहे त्यात."

"खांद्याचं भाडं घेऊ व्हय मी? काकाच्या येळंला मी तुमच्या परड्याच्या मागं उभा व्हतो. बापूस सोडीत नव्हता. डायवरनं खांदा दिला तो मी बगितलाय." पेन त्याने माझ्या हातातून ओढून घेतले आणि सातव्या कलमावर रेघ मारली. आई आतून चहा घेऊन आली. तो पडवीत, कणगीला टेकून बसला आणि बशीत ओतून प्यायला. मग म्हणाला, "आन उगाच मरायची घाई करू नको. पट्टीचा भांडान अजून हाय आपला."

खोडलेले कलम रद्द समजावे. बाकी मजकूर मी दोनदा वाचून, साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

ठिकाण: आंबेकोंड
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही, डाव्या हाताने) विनीत गोविंद कळंबटे

विनीतने आमच्यादेखत सही केली व आम्ही त्याच्यादेखत केली:

साक्षीदार १: रामा बाळू गोताड
साक्षीदार २: बाबू शांताराम कळंबटे, पट्टीवरचा हक्क न सोडता