डिलीटच्या बटणावरचं कुंकू

बीड, शुक्रवार, १५ मार्च २००२

ज्या दादानं माझ्या कॉलेजपायी स्वतःची शाळा सोडली, त्यानंच माझ्या नोकरीच्या मुलाखतीचा ईमेल का पुसावा? पुण्याच्या कंपनीचा फोन आला, ईमेल कालच पाठवला म्हणे, पण आमच्या एसटीडी बूथच्या कॉम्प्युटरवर तो नव्हता.

"येडे, मशीननं खाल्ला असंल!" दादा म्हणाला.

रोज दिवाबत्तीला तो कॉम्प्युटरला कुंकू लावतो. आज डिलीटच्या बटणावर कुंकवाचं बोट उमटलेलं. पुसलेल्या पत्रांचं फोल्डर उघडलं, तर ईमेल तिथंच.

दादा खाली बघत पुटपुटला, "तू गेल्यावर हितं कोन हाय मला?"

एवढंच होतं तर बोलायचं ना! ते कुंकू काही मी पुसलं नाही. "सोमवारी येते" असं पुण्याला कळवलं आणि त्याची छापील प्रत दादाच्या गल्ल्यावर ठेवून आले.