दाराच्या कडेचं रबर

१२ नोव्हेंबर

पहिलं हिव पडलं. गाडीवरचं कापड काढलं. फेब्रुवारीपासून ती तशीच झाकून होती. शेजारचे कुमागाई-सान महिन्यातून एकदा इंजिन चालू करून जायचे, तेवढंच. मी कधी तिच्याजवळ गेले नाही.

लेकीचा, चिझुरूचा, सेंदाईहून फोन. "आई, मार्चमध्ये गाडीची तपासणी आहे. त्याआधी विकून टाक. तुला जायचंय कुठं एवढं?"

कुठंच नाही. पण विकणार नाही. आधी मला एक गोष्ट जाणून घ्यायची आहे — धुतलेली गाडी नीट कशी कोरडी करतात.

१४ नोव्हेंबर

ग्रंथालयातून पुस्तक आणलं. तिथली मुलगी हसली. "काकू, मागच्या वेळी नद्यांचा इतिहास, आणि आता गाडी धुणं?" मी म्हटलं, शाळा नववीत सुटली, तेव्हापासून हाताला येईल ते वाचते.

पुस्तकात चार रीती दिल्यात. जाड टॉवेल. हरणाचं कातडं — ते आधी भिजवून पिळायचं, कोरडं वापरलं तर ओरखडे उठतात. हवेचा झोत. आणि चौथी, गाडी थोडी फिरवून आणणं. शेवटी लिहिलंय : "थंड प्रदेशात दारं उघडून कडेचं रबर पुसल्याशिवाय गाडी कोरडी झाली असं समजू नये."

पुस्तक मिटलं. जेवले नाही.

१७ नोव्हेंबर

गाडी धुतली. टॉवेलनं पुसली. तंतू राहतात, काळ्या रंगावर लगेच दिसतात. मग चारी दारं उघडली. रबराची खाच बोटानं पुसत गेले. चालवणाऱ्याच्या दाराच्या खाचेत सोयाबीनचा एक भाजका दाणा अडकलेला. काळा पडला होता. ह्यांच्या खिशातून कधीतरी पडला असेल. टाकवला नाही. देव्हाऱ्यात ह्यांच्या फोटोपुढे ठेवला.

१८ नोव्हेंबर

सकाळी सहा. उणे दोन. दार उघडलं.

२१ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. कुणाला सांगितलं नाही, चिझुरूलाही नाही.

३ फेब्रुवारीला दाणे फेकायचा सण. दुपारी छान ऊन होतं. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं गाडी पांढरीफट्ट झाली होती, मीठ पत्रा खातं. म्हटलं, आज ह्यांना चकित करू. धुतली. वरून पुसली, आरशासारखी! दारं मात्र उघडली नाहीत. रबराचा विचार मनातच आला नाही. इतकी वर्षं गाडी हेच धुवायचे ना.

संध्याकाळी ह्यांनी अंगणात दाणे फेकले — भुतं बाहेर, सुख घरात. मग वयाइतके दाणे खायला बसले. एकाहत्तर. दात दुखायला लागले तेव्हा उरलेले खिशात टाकले. "उद्या खाईन, वय काय पळून जातंय!" मग गाडीचे वायपर रात्री काचेला गोठून चिकटू नयेत म्हणून उभे करायला बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते नाक लाल करून. "चांगली धुतलीस," म्हणाले. एवढंच.

सकाळी उणे बारा. साडेसातला छातीत दुखायला लागलं. मी म्हटलं, रुग्णवाहिका बोलावते. "सायरन नको. गल्ली गोळा होईल." मग मीच गाडीनं नेते म्हटलं. "मी गरम करून ठेवतो," म्हणून किल्ली घेऊन स्वतःच गेले. पंधरा मिनिटांनी परत आले. "दार गोठलंय. दहाला ऊन येईल तेव्हा सुटेल. मग जाऊ."

कोतात्सूत, रजई घातलेल्या शेगडीच्या टेबलाखाली, पाय घालून बसले. साडेनऊला तिथंच कलंडले.

दार मी गोठवलं. माझ्या पाण्यानं.

२९ नोव्हेंबर

उणे चार. उघडलं.

३ डिसेंबर

कातडं वापरून बघितलं. ह्यांचंच, डब्यात होतं. भिजवून पिळलं की माशासारखं बुळबुळीत लागतं. वरून खाली एकाच दिशेनं ओढायचं. एक ठिपका राहत नाही. पण खाचेत ते शिरत नाही.

८ डिसेंबर

कुमागाई-सान पानं उडवायचं यंत्र घेऊन आले. ते बसच्या आगारात तीस वर्षं होते.

"वहिनी, तुमचं हे रोजचं पुसणं बघून आमची ही मला टोमणे मारते. म्हणते, आपल्या गाडीवर शेवाळ आलंय."

"मग धुवा की."

"बसची सवय! बस काय कुणी नवरीसारखी नटवतं?"

यंत्र लावलं. आरशांच्या पोटातून, दिव्यांच्या फटीतून, पेट्रोलच्या झाकणामागून पाणी उडालं — कुठं कुठं लपून बसतं हे पाणी! त्यांच्या टोपीवरही उडालं. मी हसले. घरात आल्यावर त्या हसण्याची लाज वाटली.

रबरापुढे यंत्रही हरलं. पाणी दुमडीत आणखी आत जातं.

१५ डिसेंबर

सापडलं. ह्यांचं जुनं बनियन. त्याची पट्टी फाडून बोटाला गुंडाळायची आणि दुमड उलटी करून पुसायची. सुती, मऊ, सगळं पाणी पितं. खणात अशी अकरा बनियनं आहेत. एक फाडलं. बाकीची फाडवत नाहीत. एकच धुऊन धुऊन वापरीन.

१६ डिसेंबर

उणे नऊ. उघडलं.

इतकं सोपं होतं. एक पट्टी आणि दहा मिनिटं.

२ जानेवारी

चिझुरू येऊन गेली. नव्या वर्षाची मोची, तांदळाच्या पिठाचे गोळे, खाल्ली, वडिलांपुढेही ठेवली. अंगणात मला पुसताना बघून रडली. "आई, रोज धुतेस? कुणासाठी?"

सांगणार होते. तोंडाशी आलं होतं. ती म्हणाली, "बाबा असते तर म्हणाले असते, रंग झिजेल." मग नाही सांगितलं.

११ जानेवारी

उणे तेरा. उघडलं. उघडणारच. मी पुसते ना आता.

२० जानेवारी

ह्यांच्या थोरल्या भावाची आठवण आली. चालत दवाखान्यात गेला आणि तीन दिवसांनी पेटीतून परत आला. तेव्हापासून हे दवाखान्यासमोरून जातानाही पलीकडचा रस्ता धरायचे. मी चिडवायची — भागूबाई!

१ फेब्रुवारी

वर्षश्राद्ध झालं, रविवार म्हणून तीन दिवस आधीच. भिक्षू लवकर गेले, चिझुरू त्यांना सोडायला गेली. जेवणाला कुमागाई-सान मागे राहिले होते. साके प्यायले. मग म्हणाले, "वहिनी, एक विचारू? सगळं सोडून त्या रबराच्याच मागे का लागलात?"

का कोण जाणे, सांगून टाकलं. "त्या सकाळी दार गोठलं होतं. मी ओलं ठेवलं म्हणून. नाहीतर वेळेवर पोचलो असतो."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"कुठली सकाळ?"

"तीच."

"अहो, त्या सकाळी तुमची गाडी मीच हलवली! स्ट्रेचर यायला वाट नव्हती. तुम्ही चपलांशिवाय स्ट्रेचरमागे पळालात, तुम्हाला कुठलं भान. दार एका बोटानं उघडलं, वहिनी. किल्ली आतच होती, लावलेली."

मग हळू म्हणाले, "आणि पुढची काच आतून पांढरी होती. बर्फ आतल्या बाजूला. कुणी बराच वेळ आत बसून श्वास सोडला की धरतो तसा. नखानं खरवडून मग हलवली. तेव्हा कळलं नाही मला. माफ करा."

त्यांनी डोकं पार टेबलाला टेकेपर्यंत वाकवलं.

पंधरा मिनिटं! पंधरा मिनिटं आत बसले होते. मी घरात कोट शोधत होते, आणि हे बाहेर काच बंद करून बसले होते. मग येऊन मला सांगितलं, दार गोठलंय. मी बघायलाही गेले नाही. ह्यांनी सांगितलं की मी कधी बघायला जात नसे.

२ फेब्रुवारी

खूप राग आलाय. फोटो उलटा करून ठेवला. दुपारी परत सरळ केला.

भीती वाटत होती तर सांगायचं. मी हात धरून नेलं असतं. शिव्या देऊन नेलं असतं. सायरन वाजवत नेलं असतं! भागूबाई म्हटलं नसतं मी.

वर्षभर मला वाटलं माझ्या पाण्यानं मारलं. आणि तुम्ही फोटोत गप्प.

३ फेब्रुवारी

दाणे फेकले. एकटीनं फेकताना आवाज मोठा काढावा लागतो. एकोणसत्तर दाणे खाल्ले.

एक प्रश्न राहतोय. त्या दिवशी रबर मी पुसलं नव्हतं, हे पक्कं. मग ते गोठलं कसं नाही? कदाचित गोठतच नसेल. कदाचित पुस्तकं उगीच घाबरवतात.

आज गाडी धुतली, तशीच, त्या दिवशीसारखी. वरून टॉवेल फिरवला. दारं उघडली नाहीत. बनियनची पट्टी खुंटीवरच राहू दिली. वायपर उभे केले. आत आले.

४ फेब्रुवारी

उणे बारा. दार गोठलं. दोन्ही हातांनी ओढलं, हललं नाही.

म्हणजे त्या संध्याकाळी मी आत पाट आवरत होते तेव्हा हे अंधारात माझ्यामागून पुसत होते. चारी दारं. खिशात दाणे घेऊन, वाकून. "चांगली धुतलीस," म्हणाले.

दहाला ऊन येईल. पायरीवर बसलेय. दार सुटेल तेव्हा सुटेल.