भंडाऱ्यातले कोदो

५ एप्रिल १९५७
हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याच्या जेवणात भात करायला माझ्या शेतातले कोदो देतो, असं भजनमंडळात सांगून आलो. सगळे खूश. बायको सोडून. रंभा म्हणाली, ‘काढणीच्या पावसात भिजले ते. बुरशी धरली. भोवळ येऊन कोणी मेलं तर?’
उद्यापासून शास्त्रीय टेस्ट.

६ एप्रिल
नाकाची टेस्ट. वास नाही. कोदो पास. रंभा म्हणते, तपकिरीनं तुमचं नाकच बंद. ठीक. सोमवारपासून तपकीर बंद.

८ एप्रिल, सोमवार
तपकीर घेतली. तिच्याशिवाय डोकं चालत नाही. चाललं. शेजारच्या शकुबाईची कोंबडी आणून तिला कोदोचा भात घातला. दुपारी ती झुलत चालली, तुळशीपाशी मान टाकून बसली. अंगणात मोहफुलं वाळत आहेत, तीच खाल्ली असणार. नशा मोहाची. कोदो पास.

९ एप्रिल
कोंबडी शुद्धीवर. शकुबाई भांडून गेली, ‘काऊन गा भाऊ, माझ्या कोंबडीले दारू पाजून राह्यला का?’
मला म्हणते! मंडळात दारूबंदी मी आणली. पिऊन आला म्हणून लटारूला मीच बाहेर काढलं.
संध्याकाळी मंडळात रिपोर्ट दिला. दोन टेस्ट पास.

१२ एप्रिल
रंभा म्हणते, मोहफुलं उचला अन् कोंबडी पुन्हा आणा. गरज नाही. पण जपाला बसलो की कोंबडीच दिसते. तीनदा उठलो.

१४ एप्रिल, सकाळ
शेवटची टेस्ट, स्वतःवर. मारुतीचं नाव घेऊन वाटीभर भात खाल्ला. काही होत नाही. देवळात निघालो.

१५ एप्रिल
काल भजनात जमीन हलली. टाळ सुटले, मी मृदंगावर पडलो. दारातून लटारू ओरडला, ‘भाऊ, एकट्यानंच घेतली? मले काऊन नाई बोलावलं?’
मी सांगितलं, कोदो भोवले, जेवू नका. जीभ जड. सगळे हसले. ‘तुम्हीच तर पास केले ना भाऊ!’
पोरं पत्रावळी घेऊन बसलेली. वाढायला सुरुवात झाली. तेव्हा मी देवासमोर भाताच्या गंज-पातेल्याला लाथ मारली. सगळा भात मातीत.
तिसरी टेस्ट अचूक निघाली, हे कोणी ऐकून घेत नाही. आज मंडळानं मारुतीच्या पायाला हात लावून शपथ घ्यायला लावली. घेतली. जन्मात कधी न चाखलेली दारू आजपासून सोडली.