वातानुकींच्या घरातला कापूस

२८ मार्च
आजही नाही! माझ्या नवऱ्याची, एइसुकेची बोट जाऊन अकरा दिवस झाले. नवा पोस्टमन दारात घोटाळत होता — 'बाई, नावाच्या जागी नुसती तारीख आहे. एक एप्रिल! आडनाव काय तुमचं?' लग्न होऊन आले तेव्हा मीही अशीच चक्रावले होते. लिहायचं एक एप्रिल, म्हणायचं वातानुकी, म्हणजे कापूस काढणे. त्या दिवशी हिवाळी अंगरखे उसवून आतला कापूस काढायचा. पूर्वी सगळेच काढत. आता गावात आमचंच घर, नावाला जागणारं!

पत्र मच्छीमार संस्थेचं. शोध थांबवला म्हणे.

३० मार्च
सासूबाईंनी तिन्ही अंगरखे काढले. एइसुकेचा मी ओढून घेतला — तो आला की बघू! त्या शांतपणे म्हणाल्या, 'पोरी, या घरात एकाचाही कापूस राहिला तर हिवाळा हलत नाही. गेलेलाही अडकून पडतो.'

गेलेला! जीभ कशी रेटली यांची?

१ एप्रिल
दोन उसवले. त्याचा नाही.

२ एप्रिल
बाहेर बर्फ वितळतंय, घरात मात्र तोंडातून वाफ. सूप वाटीत ओतलं की गार. आणि एइसुकेचा अंगरखा गरम! खुंटीवर आहे, जवळ ऊन नाही, शेगडी नाही. नुकताच कुणी अंगातून काढल्यासारखा. काखेत हात घातला — ओल. भ्याले मी.

३ एप्रिल
सासूबाई उठल्याच नाहीत. ओठ निळे. 'सोड त्याला. माझ्या पोटचा आहे, मला काय हौस आहे?' म्हणून रडल्या. मीही रडले. शेवटी दुपारी तीनला कात्री घेतली. कापूस ओढला तशी वाफ निघाली, आणि मग तो हातातच गार पडला.

घर लगेच उबदार झालं. सासूबाईंनी पेज मागून घेतली. बरंच केलं मी.

४ एप्रिल
काल एका बोटीला एइसुके आणि त्याच्या बोटीवरचा जोडीदार तोकुजी निर्जन बेटावर सापडले. तोकुजी आज दोन गावकऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून एकटाच दारात आला. 'वहिनी, त्याला चिकटून जगलो मी. एवढ्या बर्फात अंग तापलेलं असायचं त्याचं, घाम यायचा! काल दुपारी एकदम म्हणाला, थंडी वाजतेय. तासाभरात गेला.'

त्यांना सोडवणारी बोट काल साडेचारला बेटावर पोचली.