दहा वाजता हलणारा बाण

३ नोव्हेंबर
दहाला पडद्यावरचा बाण आपोआप हलला. शेवंतीकाकी म्हणाल्या, "मास्तर इले," आणि वाचलेली कादंबरी टेबलावर ठेवली. माझा जुना सोबती इनास मास्तर (पुढे नुसता इ.) दोडामार्गला लेकीकडे, खुबा मोडून खाटेवर. पण रिमोटने, म्हणजे तिथूनच आमचा संगणक चालवून, रोज वाचनालयात हजर. कॅटलॉगचा प्रोग्राम त्यानेच लिहिलेला, नोंदी तोच करतो. मी कपाटातून पुस्तक काढून देतो. हयातभर व्यासपीठं गाजवून हे पद मिळवलं!
आमच्या गप्पा नोटपॅडवर. कर्सर एकच, त्यामुळे ज्याचा हात आधी त्याचं बोलणं. सभेत मला असं कुणी अडवलं नव्हतं.

७ नोव्हें.
वाईट बातमी. आमचं रिमोटचं सॉफ्टवेअर मुक्त स्रोत, जगभरचे स्वयंसेवक ते लिहितात. त्यांचं निवेदन आलं: नवी आवृत्ती निघाली की जुनीची देखभाल बंद. सुरक्षेच्या दुरुस्त्यासुद्धा नाहीत. कधी निघणार? तयार झाली की.
नवी आवृत्ती आमच्या जुन्या संगणकावर चढत नाही. आणि नवा संगणक आणला तर इ.चा प्रोग्राम त्यावर चालत नाही. म्हणजे त्या दिवशी इ. वाचनालयातून बाहेर.
जळजळीत पत्र लिहिलं. विश्वासघात, जनतेची मालमत्ता, वगैरे. नोटपॅडवर चिकटवलं. इ.ने सावकाश वाचलं असावं. मग: "तू भाषणाचो पगार घेतंस? मगे तेंका कित्याक ओरडतंस?"
तेही माझ्यासारखे बिनपगारीच. पत्र खोडलं.

१२ नोव्हें.
सुलभा आली. वाचनालयाची कार्यवाह, माझीच विद्यार्थिनी. तिने ठरावाची आठवण करून दिली. ज्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती थांबली ते इथे एक दिवसही ठेवायचं नाही. सभासदांचे पत्ते, फोन आत असतात. ठराव मांडला होता मी, टेबलावर मूठ आपटून.
"सर, अपवाद हवा तर सभेत तुम्हीच बोला. तुमच्याविरुद्ध कोण बोलणार?"
मीच की. तो ठराव मला आजही बरोबर वाटतो, हीच पंचाईत.

१६ नोव्हें., रविवार
वाचनालय बंद. दिवसभर जुनं आठवत राहिलं. तळेऱ्याचा स्टँड, देवगडची गाडी चुकलेली, हातात भजीचा कागद. इ.च्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला प्रोजेक्टर, माझ्या पिशवीत वाटायच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या सीडी. शाळाशाळांतून मी गर्जायचो, "दार सगळ्यांना उघडं ठेवा!" आणि इ. मागे वायरी जोडत असायचा. वीज नसेल तिथे माझं भाषण लांबायचं. परतताना तो म्हणायचा, "आज लाइट येय नाय ता बरा झाला, नायतर तुका गप करूक लागला असता."
आणि रिमोटचा तो पहिला दिवस. तो कणकवलीच्या कॉलेजात, मी वाचनालयात. बाण आपसूक सरकला आणि भुताखेतांविरुद्ध व्याख्यानं झोडणारा मी खुर्चीतून उठून उभा. फोनवर इ. हसत होता. "बस खाली. मी आसंय."

२८ नोव्हें.
नवीची चाचणी आवृत्ती माझ्या घरच्या लॅपटॉपवर घातली. इ. दोडामार्गाहून जोडला गेला. झकास. तेवढ्यात लाइट गेली, लगेच आली. त्याच्या पडद्यावर बाण फिरतो, माझ्याकडे गोठलेला. पुन्हा करून पाहिलं. राउटर बंद होऊन लगेच चालू झाला आणि लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, तरच असं होतं.
प्रकल्पाच्या पानावर पाहिलं. ह्याच दोषापायी नवी आवृत्ती अडकलीय. त्यांना तो घडवून दाखवता येत नाही, नेमका कसा होतो ते कुणीतरी कळवा म्हणतात. त्यांच्याकडे लाइट जात नसावी.
मला ठाऊक आहे. मी कळवताच नवी निघेल. नवी निघाली की इ. गेला.
काही लिहिलं नाही.

५ डिसें.
नवी अजून अडकलेलीच. सकाळी उठून आधी ते पान बघतो आणि बरं वाटतं. दुसऱ्यांच्या खोळंब्यावर खूश होणारा माणूस. मी.
इ. नोटपॅडवर: "लाइटीचा लिवन धाडलंस?"
उद्या, म्हटलं.

११ डिसें.
शेवंतीकाकींना कुठून तरी कळलं. "मास्तर येवचे बंद झाले, तर माका खंयचा पुस्तक होया ता कोण सांगतलो?" मी सांगेन म्हटलं. "तुमी चार पुस्तकांची नावां सांगतास आणि पाचव्यावर भाषण करतास."
इ.ने पुन्हा विचारलं. मी स्पष्ट लिहिलं, तुझी खुर्ची जाईल.
"खुर्ची खंयची रे? तू दार म्हणी होतंस. दार माज्यासाठीच उघडा ठेवक सांगी होतंस काय?"
नोटपॅड मिटलं आणि काकींचं पुस्तक काढायला कपाटाकडे गेलो.

१९ डिसें.
सकाळी सगळं नीट लिहून धाडलं. राउटर, बॅटरी, काय आधी, काय नंतर. तासाभरात उत्तर: दोष सापडला, आभार, आता आवृत्ती लवकरच.
सभा रविवारी. अपवाद मागू की ठरावाच्या बाजूने उभा राहू, अजून ठरलेलं नाही.
दहाला इ. आला. काकींना पुस्तक निवडून दिलं. त्याला धाडल्याचं सांगायला हात कीबोर्डवर ठेवला आणि लाइट गेली. पडदा काळा. काकी पुस्तक मिटून बसून राहिल्या, मीही. लाइट आली, म्हातारा संगणक कण्हत सुरू झाला. बाण मधोमध, निश्चल. माऊसला मी हात लावला नाही.
मग बाण हलला. नोटपॅड उघडलं.
"मी आसंय."